एकाचे दोन : पेशीतील प्रत आणि माळव्याचा कापूस



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी ‘पेशी आपल्या डीएनएची प्रत कशी काढते’ हा विषय कळविला, तेव्हा इतिहासाच्या व्याख्यानात प्रयोगशाळेचा विषय कशासाठी, असे संयोजकांना वाटले असल्यास नवल नाही. तथापि या प्रश्नालाही इतिहास आहे. एका बियाचे दोन दाणे होतात, दोहोंतून एकाच जातीचे झाड उगवते, हे शेतकऱ्याला हजारो वर्षांपासून ठाऊक होते. ते कसे होते हे कळायला मात्र विसावे शतक उलटत आले. या इतिहासाचे एक पान येथून तासाभराच्या वाटेवर, इंदूरमध्ये लिहिले गेले आहे आणि ते आपल्याकडे फारसे कोणी उलगडून पाहिलेले नाही. म्हणून मी तेथूनच आरंभ करतो.

आपले मानपुर माळव्याच्या पठाराच्या अगदी काठावर वसले आहे. आग्रा-मुंबई रस्ता येथून पुढे विंध्याचा घाट उतरतो आणि निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात जातो. संस्थानी काळात चहूकडे संस्थानांचा मुलूख आणि मध्ये मानपुर हा इंग्रजांच्या ताब्यातला लहानसा परगणा, अशी येथली चमत्कारिक स्थिती होती. पण हद्दी कोणाच्याही असोत, वर माळव्यात आणि खाली निमाडात काळी जमीन होती आणि त्या जमिनीत कापूस होता. इंदूरच्या गिरण्यांचा व्याप त्याच कापसाने वाढविला. आज माळव्यात सोयाबीन दिसते, आणि हुकुमचंद मिलही १९९१ साली बंद पडली; तेव्हा तरुण श्रोत्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला थोडे कष्ट पडतील.

१९२४ साली इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था स्थापन झाली. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे द्रव्य, मध्य भारतातील संस्थानांचे साहाय्य आणि होळकर दरबारने दिलेली जमीन यांवर ती उभी राहिली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड. त्यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने सिद्ध केलेली कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ १९३१ च्या ग्रंथामुळे जगभर गेली. त्या कीर्तीच्या सावलीत त्याच आवारातले दुसरे एक काम झाकले गेले, आणि माझ्या मते ते तितक्याच तोलाचे होते.

१९३३ मध्ये त्रिनिदादच्या कापूस संशोधन केंद्रातून जोसेफ हचिन्सन हे आनुवंशशास्त्रज्ञ इंदूरला आले आणि १९३७ पर्यंत राहिले. आशिया व आफ्रिकेतील कापसाचे त्यांनी घोष यांच्यासह केलेले वर्गीकरण १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत विनायक गोविंद पानसे हे संख्याशास्त्राचे जाणकार होते. पुढे डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्यासह १९५४ मध्ये त्यांनी लिहिलेले शेतीविषयक संख्याशास्त्राचे पुस्तक भारतभरच्या कृषी महाविद्यालयांत पाठ्यपुस्तक झाले. १९३० च्या दशकात मात्र पानसे यांच्यापुढे एक साधा दिसणारा आणि अतिशय अवघड असा प्रश्न होता. एका पऱ्हाटीच्या रुईचा तंतू लांब आणि शेजारच्या पऱ्हाटीचा आखूड. तर हा फरक बियाण्याचा की जमिनीचा? काळ्या जमिनीत चार पावलांवर ओल बदलते, खोली बदलते. मग चांगले झाड निवडायचे कशावरून?

यावर उपाय असा की, एकच वाण शेताच्या अनेक वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या ठिकाणी पुनःपुन्हा पेरायचे. जमिनीचा लहरीपणा सगळ्यांत वाटला जातो आणि बियाण्याचा गुण वेगळा काढता येतो. या पुनरावृत्तीला संख्याशास्त्रात ‘रेप्लिकेशन’ म्हणतात. गंमत अशी की पेशी डीएनएची प्रत काढते त्या क्रियेलाही पुढे नेमका हाच शब्द मिळाला. पानसे यांनी १९४० साली जो निष्कर्ष मांडला त्याचा मथितार्थ असा होता की, तंतूच्या लांबीसारखा गुण एका जनुकाच्या हाती नसतो. थोडाथोडा परिणाम करणारी अनेक जनुके त्याच्या मागे असतात. ही जनुके कशाची बनलेली असतात हे तेव्हा जगात कोणालाही ठाऊक नव्हते. ती पिढ्यान्पिढ्या न बिघडता उतरतात एवढे मात्र शेताच्या आकड्यांवरून ठामपणे सांगता येत होते. वस्तू न पाहता तिच्या हिशेबावरून तिचे अस्तित्व ताडणे, हे मला या कामातले मोठेपण वाटते.

आता वस्तूकडे वळू. फ्रीड्रिख मीशर याने १८६९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून एक फॉस्फरसयुक्त द्रव्य वेगळे केले होते. तेच पुढे डीएनए म्हणून ओळखले गेले. पण फार काळ त्याला कोणी मान दिला नाही. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ च्या एप्रिलमध्ये त्याची रचना मांडली : दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले, आणि एका धाग्यावरील ॲडेनीनसमोर दुसऱ्यावर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. म्हणजे एक धागा हाती असला की दुसरा आपोआप ठरतो. पाच आठवड्यांनी, मे महिन्यात, दुसऱ्या निबंधात त्यांनी सुचविले की प्रत काढताना धागे सुटे होत असावेत आणि प्रत्येक धागा आपला नवा जोडीदार घडवीत असावा.

कल्पना सुंदर होती. पण सुंदर कल्पना आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असते. माक्स डेलब्रुक यांनी १९५४ साली रास्त आक्षेप घेतला. लाखो वेळा पिळलेला दोर पेशीच्या एवढ्याशा जागेत उलगडायचा कसा? त्यापेक्षा मूळ जोडी तशीच राहत असेल आणि पूर्ण नवी जोडी वेगळी तयार होत असेल. किंवा जुने-नवे तुकडे सरमिसळ होत असतील. तीन शक्यता, आणि डोळ्यांनी पाहून निवाडा करण्याची सोय नाही.

या प्रश्नाचा पहिला चांगला पुरावा बाकल्याच्या मुळाने दिला. शेंगवर्गातले हे झाड संशोधकांच्या आवडीचे, कारण त्याच्या पेशीत अवघी बारा आणि चांगली ठसठशीत गुणसूत्रे असतात. लंडनमध्ये अल्मा हॉवर्ड (इंदूरच्या हॉवर्ड दांपत्याशी यांचा काही संबंध नाही, नावाने घोटाळा होऊ नये) आणि स्टीफन पेल्क यांनी १९५३ च्या सुमारास याच मुळांवर दाखवून दिले होते की, पेशी दुभंगताना दिसते तेव्हा प्रत निघत नसते. प्रत त्याआधीच, पेशी वरकरणी स्वस्थ दिसत असताना, ठरावीक काही तासांत निघालेली असते. प्रत काढणे आणि वाटणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. कापसाची सगळी कहाणी त्यावर उभी आहे.

१९५७ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट टेलर आणि त्यांचे सहकारी वुड्स व ह्यूज यांनी बाकल्याची कोवळी मुळे किरणोत्सारी थायमिडीनच्या द्रावणात काही तास ठेवली, म्हणजे त्या वेळी तयार होणाऱ्या नव्या डीएनएवर खूण पडावी. नंतर मुळे धुऊन साध्या द्रावणात हलविली. पण त्या द्रावणात कोल्चिसीन घातले. कोल्चिसीन हे विष पेशीची वाटणीची यंत्रणा थोपविते. प्रत निघते, गुणसूत्रे दुप्पट होतात, मात्र पेशी दोन होत नाही. त्यामुळे पेशीत बारा गुणसूत्रे दिसली तर खुणेनंतर नवी प्रत निघालेली नाही, चोवीस दिसली तर एकदा निघाली, असा सरळ हिशेब लागतो. बारा गुणसूत्रांच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही अर्धांवर खूण होती. चोवीस गुणसूत्रांच्या पेशीत प्रत्येकाच्या एका अर्धावर खूण आणि दुसरा कोरा. जुने जपले जाते, पण एकत्र नव्हे. अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

कोल्चिसीनचे नाव येथे परके वाटेल, पण द्रव्य परके नाही. श्रावण-भाद्रपदात कुंपणांवर आणि रानाच्या कडेला लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या कंदात आणि बियांत हेच विष असते. खेड्यातली माणसे तिच्यापासून मुले व गुरे दूर ठेवतात, ते उगीच नव्हे. युरोपातल्या शास्त्रज्ञांना ते कोल्चिकम नावाच्या दुसऱ्या कंदातून मिळाले, म्हणून नाव तसे पडले.

पुढल्याच वर्षी, १९५८ मध्ये, मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँक्लिन स्टाल यांनी कॅलिफोर्नियात जो प्रयोग केला तो मला आजही प्रायोगिक विज्ञानाचा नमुना वाटतो. त्यांनी आतड्यातील ई. कोलाय हे जीवाणू नायट्रोजनच्या जड समस्थानिकावर अनेक पिढ्या वाढविले, म्हणजे त्यांचा सारा डीएनए जड झाला. मग त्यांना एकदम साध्या नायट्रोजनवर आणले आणि प्रत्येक पिढीचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात घालून मिनिटाला सुमारे पंचेचाळीस हजार फेऱ्यांनी वीस तास फिरविला. जड डीएनए खाली स्थिरावतो, हलका वर. एका पिढीनंतर ना जड पट्टा होता ना हलका. नेमका मधोमध एकच पट्टा. मूळ जोडी अभंग राहत असती तर दोन पट्टे दिसले असते. ती शक्यता तेथेच संपली. दुसऱ्या पिढीला अर्धा मधला, अर्धा हलका. तुकड्यांची सरमिसळ होत असती तर असे स्वच्छ दोन पट्टे पडले नसते. तिसरी शक्यताही संपली. प्रत्येक नव्या जोडीत एक धागा जुना आणि एक नवा.

प्रत काढणारा कारागीर आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ मध्ये सेंट लुईस येथे जीवाणूंतून वेगळा केला होता. पॉलिमरेज हे त्या विकराचे नाव. १९५९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण इतिहास येथे एक वळण घेतो. १९६९ साली पॉला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांनी हजारो वसाहती तपासून असा जीवाणू शोधला की ज्यात हे विकर जवळजवळ नव्हतेच, आणि तरी तो सुखाने वाढत होता! म्हणजे मुख्य नकलनवीस दुसराच होता. कोर्नबर्ग यांना सापडलेला बहुतांशी डागडुजी करणारा निघाला. कोर्नबर्ग यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्यांनी वाट दाखविली नसती तर दुसऱ्याचा शोधही लागला नसता.

राहता राहिली एक अडचण. डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी धावतात, आणि पॉलिमरेज एकाच दिशेने लिहू शकते. मग दुसऱ्या धाग्याची प्रत निघते कशी? जपानमधील नागोया येथे रेजी ओकाझाकी आणि त्यांच्या पत्नी त्सुनेको यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखविले की दुसरा धागा लहानलहान तुकड्यांत लिहिला जातो आणि नंतर ते तुकडे जोडले जातात. रेजी ओकाझाकी हे हिरोशिमाचे. १९४५ च्या बाँबचा किरणोत्सर्ग त्यांच्या शरीरात गेला होता आणि १९७५ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते रक्ताच्या कर्करोगाने गेले. पेशीची प्रत कशी बिनचूक निघते हे शोधणाऱ्या माणसाचा अंत पेशीच्या बिघडलेल्या प्रतींनी व्हावा, याहून अधिक मी काय बोलू? त्सुनेको यांनी ते काम पुढे चालविले.

बिनचूकपणाविषयी दोन शब्द. आपल्या जुन्या दफ्तरांत नकलनवीस कागदाची नक्कल करी आणि मग मूळ कागदाशी तिची रुजुवात घेतली जाई. पेशीतही तसेच आहे. पॉलिमरेज लिहिताना लाखभर अक्षरांमागे एखादे चुकते. लिहिता लिहिता मागे पाहून ते बहुतेक चुका स्वतःच खोडते. त्यातूनही सुटलेल्या दुसरी विकरे मागून येऊन दुरुस्त करतात. शेवटी शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते. वेगाचेही तसेच. वनस्पतींच्या पेशीत सेकंदाला सुमारे पन्नास अक्षरे लिहिली जातात. अमेरिकन कापसाच्या एका सरासरी गुणसूत्रात दहा कोटींच्या आसपास अक्षरे असतात. एकाच टोकाने लिहायला बसले तर तेवीस दिवस लागतील. पेशी ते काही तासांत उरकते, कारण लेखन एकाच वेळी असंख्य ठिकाणांहून सुरू होते.

आता पुन्हा कापसाकडे. आपला देशी कापूस, म्हणजे माळवी म्हणून ओळखला जाणारा आणि त्याचे भाऊबंद, यांच्या पेशीत सव्वीस गुणसूत्रे असतात. अमेरिकन कापसात बावन्न. दोहोंचा संकर केला तर संततीत एकोणचाळीस गुणसूत्रे येतात. त्यांची जोड लागत नाही आणि झाड वांझ राहते. देशी झाडाचा चिवटपणा आणि अमेरिकन तंतूची लांबी एकत्र आणावी, या कापूस संशोधकांच्या इच्छेच्या आड ही भिंत होती. त्रिनिदादमध्ये स्कोवस्टेड यांनी १९३४ मध्ये दाखविले की अमेरिकन कापसाच्या बावन्नांत सव्वीस मोठी व सव्वीस लहान गुणसूत्रे आहेत, आणि मोठी आपल्या आशियाई कापसाशी जुळतात. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी अमेरिकेत आशियाई-आफ्रिकी वंशाच्या एका कापसाचा तिथल्या रानटी कापसाशी संकर झाला असावा. तो वांझ राहिला असता. पण कुठल्याशा पेशीत प्रत निघाली आणि वाटणी झाली नाही. सव्वीसाची बावन्न झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला, बी धरू लागले. कोल्चिसीनने जे घडते तेच निसर्गात आपोआप घडले. १९४० साली बीस्ली यांनी अमेरिकेत आशियाई व रानटी कापसाचा संकर करून, त्याची गुणसूत्रे दुप्पट करून, नवे फलदायी झाड उभे केले आणि ते अमेरिकन कापसाशी जुळते हे दाखविले. २०१२ ते २०१५ या काळात रानटी, देशी व अमेरिकन या तिन्ही कापसांच्या डीएनएचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा हा तर्क अक्षर न् अक्षर पडताळता आला. जगातील बहुतेक कापूस आज या बावन्न गुणसूत्रांच्या जातीचा आहे. म्हणजे वाटणीच्या एका चुकलेल्या प्रसंगावर आपली वस्त्रे विणली जात आहेत.

या गोष्टीचा शेतकऱ्याच्या घराशी काय संबंध, ते सांगणे माझे कर्तव्य आहे. फाळणीनंतर लांब तंतूचा कापूस पिकविणारा बराच मुलूख पाकिस्तानात गेला आणि येथल्या गिरण्या लांब रुईला महाग झाल्या. म्हणून अमेरिकन कापसाचा विस्तार धडाक्याने झाला. १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस दिला. एक फूल हाताने खुडून, दुसऱ्याचे पराग हाताने लावून, बायका आणि कोवळ्या मुली दिवसदिवसभर हे संकरित बी तयार करीत. त्या मुलींच्या शाळेचा हिशेब कोणत्याही उत्पादनखर्चात धरला गेला नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र त्याखाली आहे. तोही बहुतेक संकरितच.

येथे पेशीचा नियम शेतकऱ्याच्या विरुद्ध जातो. झाडाच्या अंगातील प्रत्येक पेशी बिनचूक प्रत असते. पण बी म्हणजे झाडाची प्रत नव्हे. बी धरताना आई-बापांकडून आलेली गुणसूत्रे पिसली जातात आणि नव्याने वाटली जातात. देशी वाणात दोन्ही बाजूंचे पान बहुधा सारखेच असल्यामुळे पिसूनही डाव बदलत नाही; घरची सरकी राखून ठेवून पुढल्या वर्षी पेरता येते. संकरितात दोन्ही बाजू भिन्न, म्हणून पुढच्या पिढीत शेतभर नाना तऱ्हेची झाडे उभी राहतात. कायद्याने, २००१ च्या अधिनियमाने, शेतकऱ्याला बी राखण्याचा हक्क दिला आहे. पण राखण्याजोगे बीच हाती नसेल तर हक्क कागदावर राहतो. संकरित कापसाने उत्पन्न वाढविले, हे मी नाकारीत नाही. माझी तक्रार इतकीच की कोरडवाहू जमिनीसाठी सरळ वाणांवर जेवढे डोके लावायला हवे होते तेवढे लावले गेले नाही, कारण दरवर्षी न विकल्या जाणाऱ्या बियाण्यात कोणाला फारसा नफा नव्हता.

दरम्यान देशी कापूस शेतांतून निघत गेला. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतेक कापूस तोच होता. २०१५ साली पंजाबात पांढऱ्या माशीने अमेरिकन कापूस फस्त केला. त्या माशीबरोबर येणारा पर्णगुच्छाचा विषाणू देशी कापसाला बाधत नाही; तेव्हा लोकांना त्याची पुन्हा आठवण झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब तंतूचे देशी वाण तयार केले आहेत, ते लांबी देशी कापसात येणारच नाही असे म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. तंतूच्या लांबीमागे थोडाथोडा परिणाम करणारी अनेक जनुके आहेत, या पानसे यांच्या निष्कर्षाचा अर्थ हाच होता की धीराने निवड करीत गेल्यास लांबी वाढविता येईल.

जुने वाण आज नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत जपलेले आहेत. दिल्लीत ते उणे १८ अंश सेल्सिअसला असतात. पण सरकी साध्या कोठीत दोन-चार वर्षांतच उगवणशक्ती गमावू लागते, आणि थंडीतही ती अमर नसते. कोरड्या बियात प्रत निघत नाही. डीएनएला झीज लागते, आणि दुरुस्ती करणारी विकरे ओल मिळाल्याशिवाय कामाला लागत नाहीत. म्हणून उगवण घसरू लागली की ते बी बाहेर काढून शेतात पेरावे लागते, परपराग येऊ नये म्हणून फुले बांधून ठेवावी लागतात आणि नवी सरकी वेचून पुन्हा कोठीत ठेवावी लागते. ओल्या मातीत सरकी फुगते, दोन-तीन दिवसांत पांढरे मूळ बाहेर डोकावते. त्याच्या टोकाशी, नख भरेल एवढ्या जागेत, पेशी आपली सव्वीस गुणसूत्रे पुन्हा लिहायला घेतात.